रवकल ये

"रागावणार नसाल तर एक सांगू?" पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या तेव्हा मी मिचनीच्या चपलेचा पट्टा सोडवून उठत होते. एक गुडघा अजून जमिनीला टेकलेला होता, आणि मला वाटतं दिवसभर मी तशीच अर्धी उठलेली राहिले. रागावणार नसाल तर, या शब्दांनी सुरू झालेलं आजवर काही माझ्या कौतुकाचं निघालेलं नाही. क्षणात सगळं मनात येऊन गेलं. हिनं कुणाला चावलं असेल. कुणाच्या डोक्यावर डबा उपडा केला असेल. किंवा मग तेच, जे कुणीतरी एक दिवस सांगणार म्हणून मी केव्हाची तयारीत आहे, की साडेतीन वर्षांची झाली तरी हिचं बोलणं अजून असं कसं, एकदा दाखवून घ्या. त्याचं उत्तर माझ्याकडे घडी घालून ठेवलेलं होतं: दाखवलंय, डॉक्टर म्हणाले येईल, घाई करू नका. पण ताईंचं वेगळंच होतं. काल त्यांनी मुलांना गोल बसवून खेळ घेतला होता, आई काय करते. एकाची आई फोन करते. एकीची आई ओरडते आणि मग पापा घेते. एकाची आई बाबांना सगळं शोधून देते, चष्मा, किल्ली, मोजे. मग मिचनीची पाळी आली. "तर म्हणाली, माझी आई कोपऱ्यावर हरवते," ताई म्हणाल्या. "म्हणजे तिच्या भाषेत म्हणाली हो. पण आता आम्हाला येते की तिची भाषा." त्या हसल्या, पण हसताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी पुन्हा विचारलं होतं आणि पुन्हा तेच उत्तर आलं होतं, उलट त्यात 'रोज' वाढलं होतं. मनावर घेऊ नका, मुलं काय, बोलतात काहीतरी, पण सांगावंसं वाटलं. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत. मीही हसले. मिचनी तोवर आत खिडकीकडे पळाली होती, रोज पळते तशी. तिला हाक मारून तिथल्या तिथे विचारता आलं असतं, काय गं म्हणालीस काल. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

"दरवाजा बंद होत आहे," लिफ्टमधली बाई म्हणाली. ती बाई मीच. हे मी आता कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की माणसं एकदा लिफ्टच्या छताकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि त्यांची जराशी निराशा होते. एका छोट्या स्टुडिओत मी सूचना वाचते. लिफ्टमधल्या, बँकेतल्या टोकनच्या यंत्रातल्या, दवाखान्याच्या फोनवर 'आपण रांगेत आहात' असं सांगणाऱ्या. कॉलेजात मी वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, उच्चारांवरून एका प्राध्यापकांशी वर्गात वाद घातला आणि तो जिंकला, आणि त्या सगळ्याचं पुढे हे झालं की अर्ध्या शहराला मी दार उघडत आहे की बंद होत आहे ते सांगते. तक्रार नाही. काम मला आवडतं. काचेच्या खोलीत एकटीनं बसून एकच वाक्य तीस वेळा म्हणावं, आणि एकतिसाव्या वेळी ते असं यावं की त्यात मी कुठेच नसावी, नुसता स्वच्छ आवाज, यात एक सुख आहे, ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. या लिफ्टमधे मिचनीनं मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती कडेवर होती. तिनं वरच्या जाळीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तोंड बंद होतं. तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवून खात्री केली आणि विचारलं, "आई, तू दोन आहेस?" तेव्हा मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, जे कधी कुणाशी बोलत नाहीत, तेही हसले. आज लिफ्ट खाली जाताना मला तो प्रश्न आठवला आणि त्यातलं हसू काही केल्या सापडेना. एक आई छताच्या जाळीत, एक कोपऱ्यावर हरवणारी. मुलीनं हिशोब बरोबर केला होता.

मिचनी हे काही तिचं नाव नाही. आम्ही तिला चिमणी म्हणायचो, आणि तिनं स्वतःला पहिली हाक मारली ती मिचनी अशी. त्यानंतर चिमणी म्हणणारा जो तो आपोआप चुकीचा ठरला. चपलेला ती पच्चल म्हणते, खिडकीला किखडी, आजोबांना आबोजा. हे आबोजा माझ्या वडिलांना इतकं आवडलं की ते फोन उचलतानाच 'आबोजा बोलतोय' म्हणतात, समोर वीजमंडळ असलं तरी. अक्षरांची अशी अदलाबदल चालू असते, ती आज एक असते, उद्या दुसरी. पण र कायमचाच गैरहजर. र च्या जागी ल, सदैव, बिनचूक, एखाद्या नियमासारखा. दार म्हणजे दाल. पाणी गाल. आंघोळ झाल्यावर ती काकडत म्हणते, "गाल वाला येतो," आणि आपण गार वारा येतो हे समजून खिडकी लावायची असते. एकदा ती म्हणाली, "बाबांनी काल नेली," आणि आम्ही दोघं बराच वेळ काल काय नेलं म्हणून तिला विचारत बसलो. नवरा कार घेऊन कामावर गेला होता, एवढंच तिचं म्हणणं होतं. हळूहळू आमच्या कानांना सवय झाली. घरात जणू एक खिडकी उघडली होती, नोटा बदलून देणाऱ्यांची असते तशी: इकडून ल सरकवायचा, तिकडून र घ्यायचा. आता तर ती बोलते तेव्हा मला ल ऐकूच येत नाही, थेट र येतो. ताईंचंही तसंच. आपल्या लेकराची भाषा दुसऱ्या कुणाला येते याचा मला मत्सर वाटायचा आधी, मग बरं वाटायला लागलं, आणि आज सकाळी वाटलं की नसती आली तर बरं झालं असतं. नसती आली तर ते वाक्य त्या गोल बसलेल्या मुलांत विरून गेलं असतं.

इमारतीतून बाहेर पडलं की सरळ रस्ता, दुतर्फा लावलेल्या दुचाक्या, मग कोपरा. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान. तिथे मी रोज वळून पाहते. पाळणाघराची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, आणि सकाळच्या वेळी तिच्या काचेत फक्त आभाळ असतं. आत मूल आहे, नाही, ती तिथे उभी आहे की ठोकळ्यांकडे गेली, काही म्हणजे काही दिसत नाही. तरी मी हात वर करते, हलवते, आणि मग वळते. पहिल्या दिवशी असं झालं की काचेतल्या आभाळाला टाटा करून मी हात खाली घेते आहे तर दुकानातल्या शिंप्यानं, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, मलाही हात केला. त्याला वाटलं असणार, ही बाई आपल्याला ओळखते. आता दुरुस्ती कशी करायची. काही नाही, मी तुम्हाला नव्हता केला, असं सांगायला रस्ता ओलांडून जायचं? तेव्हापासून तो रोज करतो, आणि माझा एक हात दोघांना पुरतो. पण आज मी त्या जागेवर आले आणि थबकले. तर हीच ती जागा. इथे मी हरवते. इथवर एक आई असते, चालणारी, पाठमोरी, आणि या फरशीच्या पुढे नसते. उजवा हात अर्धा उचलला गेला होता, तो मी केसांवरून फिरवल्यासारखा करून खाली घेतला. हरवणाऱ्या माणसानं हात कसला हलवायचा. शिंप्यानं आपला हात वर केलेला मला डोळ्याच्या कडेनं दिसला. मी न बघताच वळले, आणि वळताना, त्या क्षणी, मला पाठीत काहीतरी टोचल्यासारखं झालं. टाचण्या तर त्याच्या तोंडातच होत्या, एवढं मला माहीत होतं.

कारण हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, दुसऱ्या बाजूनं. माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती. मीही अशीच खिडकीत, खाली अशीच गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला आईची पाठ. निळ्या छत्रीची पाठ, वेणीची पाठ, पर्सच्या पट्ट्यानं तिरकी कापलेली पाठ. ती कधी वळून पाहायची नाही. एकदाही नाही. टोकाशी आली की तिची पावलं उलट भराभर पडायची आणि ती भिंतीत शिरल्यासारखी नाहीशी व्हायची. मी खिडकीचे गज तोंडात धरून उभी असायची. लोखंडाची ती चव अजून जिभेच्या टोकावर आहे, खारट आणि थंड. मला खात्री होती की कोपऱ्याच्या पलीकडे काही नाही, आणि संध्याकाळी जी परत येते ती दुसरी कुणी, आईसारखी दिसणारी. मिचनी झाली तेव्हाच मी ठरवलं होतं की कामावर जाईन त्या दिवशी कोपऱ्यावर वळून हात करीन, मग कुणी काही म्हणो. मला वाटत होतं की तेवढ्यानं ती जागा बुजेल. माझ्या हातून एवढं तरी होत होतं. आणि मुलगी म्हणते, हरवते. म्हणजे हात काचेपर्यंत पोचलाच नाही. आभाळानंच तो परस्पर घेतला.

याच दिवशी हे व्हावं. स्टुडिओच्या मोठ्या बाईंना मी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आतापर्यंत मी अर्धा दिवस काम करत होते. आता शहरातल्या सगळ्या बसथांब्यांच्या सूचना करायचं मोठं काम आलं होतं, आणि बाईंना मी पूर्ण दिवस हवी होते, नुसती वाचायला नाही, ते सगळं काम बघायला. नवरा म्हणाला होता, घे, मी सुटतो लवकर, मी आणीन तिला. मी जवळजवळ घेतलंच होतं. काल झोपताना तर माझ्या आवाजातला बसथांबा मला ऐकूही आला होता. आता काचेच्या खोलीत बसून, कानांवर हेडफोन चढवून, मी मनात नकाराचं वाक्य जुळवत होते, आणि सवयीनं ते सूचनेसारखंच जुळत होतं. आपल्या विनंतीबद्दल आभारी आहोत. सध्या ही सेवा उपलब्ध नाही. समोर आज एका मोठ्या दवाखान्याच्या सूचना होत्या. चौथी की पाचवी ओळ अशी: हरवलेल्या वस्तूंसाठी कृपया चौकशी खिडकीशी संपर्क साधावा. मी श्वास घेतला आणि स्वच्छ, शांत, लांबून आल्यासारख्या आवाजात म्हटलं, "हलवलेल्या वस्तूंसाठी कृपया." काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं मान वर केली. त्यांना आम्ही सगळे पाठीमागे कान म्हणतो, त्यांना ते माहीत आहे. पुन्हा घेतलं. पुन्हा हलवलेल्या. इतक्या वर्षांत माझ्या जिभेनं असं कधी केलं नव्हतं. तिसऱ्या वेळी कान बटण दाबून शांतपणे म्हणाले, "बाई, वस्तू कुणी हलवली ते पोलीस बघतील. आपण हरवलेल्यांचं बघू." मला हसू आलं, आणि हसता हसताच मी हेडफोन काढून ठेवले, पाणी पिऊन येते म्हटलं. लेकीची लागण झाली, असं मी बाहेर जाताना म्हणाले, आणि तेवढ्यावर ते सोडून दिलं. जीभ कधी कधी आपल्या आधी पोचलेली असते, हे मला तेव्हा कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात बसून आईला फोन लावला. ती फोन उचलते ती अजून ऑपरेटरसारखी, 'हॅलो' मधला लो वर चढवून. मिचनीचं काय म्हणणं ते मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं आधी मला, मग ताईंना, मग नवऱ्याला समजावलं असतं. मी मधूनच विचारल्यासारखं विचारलं, तू कामावर जाताना वळून का बघायची नाहीस. मग ती म्हणाली, हे आज कुठून काढलंस. मग म्हणाली, जेवलीस का. मी म्हटलं, जेवते, सांग ना. "वळले असते तर गेले नसते," ती म्हणाली, साधंच, भाजी महाग झाली म्हणावं तसं. मग तिचा आवाज बदलला, तिला गंमत वाटायला लागली. "बघायची काय गरज होती? तू त्या टोकापर्यंत ओरडायचीस. आई, लवकल ये. आई, लवकल ये. अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. रेडिओला डेलिओ म्हणायचीस ती तू, आणि आता सगळ्यांचे उच्चार तपासतेस." मी म्हटलं, मी र ला ल म्हणायचे? "तू? तुला र येईस्तोवर शाळेत नाव घालायची वेळ आली. तुझे वडील म्हणायचे, हिचा र वाटेत कुठेतरी उतरलाय, येईल मागच्या गाडीनं." मला ते ओरडणं आठवत नव्हतं. गज आठवत होते, पाठ आठवत होती, लोखंडाची चव आठवत होती, पण माझा आवाज त्यात नव्हता. मला वाटायचं मी गप्प उभी असायची. आणि ती सगळी वर्षं ती पाठ तो आवाज ऐकत, अंगावर घेत, भराभर चालत होती. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मग लगेच मनात आलं, की हे कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि मिचनीला तेवढी लावायची नाहीत. संध्याकाळी बाईंना नाही म्हणायचं. अर्धा दिवस पुरे. तोही जमला तर.

मी तिला घ्यायला गेले तेव्हा ती नेहमीसारखी धावत आली नाही. पच्चल घालून घेतली, डबा माझ्या हातात दिला, आणि लिफ्टमधे 'दरवाजा बंद होत आहे' झालं तेव्हा एरवी ती माझ्याबरोबर म्हणते, "दलवाजा बंद होत आहे," तेही म्हणाली नाही. मी तिचं कपाळ बघितलं. गार होतं, तिच्या भाषेत गाल. ताईंना काही विचारावं असं वाटलं, पण लिफ्ट खाली पोचली होती. रस्त्यावर ती एकेका दुचाकीच्या आरशात स्वतःला बघत चालली होती, आणि मी तिच्या मानेकडे बघत. मुलं रुसतात तेव्हा त्यांची मान आधी रुसते. कोपऱ्याशी आलो. शिंपी दुकानात वाकून कशाला तरी काज करत होता. मिचनी थांबली. तिनं मागे वळून वरच्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एखादी गोष्ट दिवसभर जपून ठेवून आता योग्य जागी आणून मांडावी तशी म्हणाली:

"आज तू कोपल्यावल नाही हलवलास."

माझ्या कानातली खिडकी उघडलेलीच होती. ल आत गेला, र बाहेर आला: आज तू कोपऱ्यावर नाही हरवलास. आणि तिथेच ते अडलं. हरवलास कसं होईल. मी हरवले तर ती म्हणेल, हरवलीस. ती अक्षरं फिरवते, पण व्याकरणात कधी चुकत नाही. ती बाहुली पडली म्हणते, ठोकळा पडला म्हणते, आणि मला पडलास असं आजवर एकदाही म्हणालेली नाही. बाई हरवली तर हरवलीस. हरवलास व्हायला मधे काहीतरी पुल्लिंगी लागतं. मी काहीतरी केलं नव्हतं, पुल्लिंगी काहीतरी. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून एम. ए. च्या परीक्षेत नव्हता केला इतक्या घाईनं त्या एका वाक्याचा उलगडा करत होते, आणि जीभ, सकाळपासून आधीच तिथे जाऊन बसलेली, वाट बघत होती. ल म्हणजे ल. तिच्या तोंडात कधीकधी ल हा ल सुद्धा असतो. आपण सगळे इतके शहाणे झालो की तिचा खरा ल ही बदलून घेतला. "काय नाही हलवलं मी?" मी खाली बसून विचारलं. माझा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तो कुठल्याच लिफ्टमधे चालला नसता.

"हात," ती म्हणाली. इतकं साधं आईला कळत नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. तिनं कोपरापासून हात वर केला आणि जोरात हलवला, अख्खं अंग त्याच्याबरोबर हललं. "लोज हलवतेस. सुईकाका पन हलवतात. मी किखडीतून बघते. आज सुईकाकांनीच हलवला." मग तिनं खात्री करून घेण्यासाठी विचारलं, "तुझा हात दुखत होता?" मी म्हटलं, हो, जरा दुखत होता. तिनं माझा हात घेऊन त्यावर फुंकर मारली, डावा घेतला होता, मी काही बोलले नाही. दुकानातून शिंपी आमच्याकडे बघत होता. टाचण्या नव्हत्या तोंडात. "आज सकाळी बाई काही रागावल्यात असं वाटलं," तो म्हणाला, "शिवलेलं उसवलं की काय माझं?" मी म्हटलं, नाही हो, तुमचं काही नाही. मग माझ्या तोंडून आपोआप खरं गेलं, की तो हात वरच्या खिडकीला असतो, माझ्या मुलीला. त्यानं वर बघितलं, मिचनीकडे बघितलं, आणि काज करायची सुई गादीला टोचून ठेवली. "हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पण तिकडून कुणी परत हलवतं की नाही ते दिसत नव्हतं. म्हटलं, एवढ्या लांब जातो हात, एखादा तरी उत्तराचा असावा."

घरी येऊन मी मोठ्या बाईंना फोन लावला. नकाराचं वाक्य अजून तसंच तयार होतं, मनातल्या मनात तीस वेळा घेतलेलं, स्वच्छ. ते बाजूला सारायला मला जरा वेळ लागला आणि बाई पलीकडून दोनदा हॅलो म्हणाल्या. मग मी म्हटलं, येते, पूर्ण दिवस येते. फक्त सकाळी पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालेल का, मला एका कोपऱ्यावर काम असतं. बाईंनी विचारलं नाही कसलं. नवरा आरशासमोर उभा राहून केस पुसत होता, त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं, हरवते, हलवते, हरवलीस, हलवलास. तो ऐकून बराच वेळ हसला आणि म्हणाला, म्हणजे ज्या बाईला शहरातला प्रत्येक र माहीत आहे तिला एक ल ओळखता आला नाही. मिचनी पलंगावरून म्हणाली, "काय ओलखता आला नाही?" काही नाही, झोप, असं आम्ही दोघं एकदम म्हणालो. पण मला रात्री आडवी झाल्यावर दुसरंच सुचत होतं. हरवते हे काही खोटं नव्हतं. कोपऱ्याच्या पलीकडे मी तिच्यासाठी नसतेच, कुठलीच आई नसते. फक्त तिनं त्यातलं ते निवडलं नव्हतं. ज्या क्षणी मी नाहीशी होते, बरोबर त्याच क्षणाला तिनं दुसरा शब्द लावून ठेवला होता. तो मी तिला दिलेला होता आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारात ताईंना मी म्हटलं, ताई, परवाचं ते, र नाही, ल. त्यांना कळेना. हलवते, मी म्हटलं, हात हलवते. त्यांनी कपाळाला हात लावला, "अगं बाई, आणि मी तुम्हाला दिवसभर," असं म्हणून पुढचं सोडून दिलं. मग आम्ही दोघी दारातच हसत बसलो, र की ल, ल की र, असं एकमेकींना म्हणत, आणि मिचनी खाली उभी राहून एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती, एकदा त्यांच्या. तिनं आमच्या जिभा बघितल्या असाव्यात. तिनं आपली जीभ वर नेली, तोंडात कुठेतरी टेकवली, आणि गाडी सुरू होत नाही तेव्हा येतो तसा एक आवाज काढला. तिनं पुन्हा जीभ टेकवली, डोळे मोठे केले, आणि अगदी सावकाश, त्या नव्या गोष्टीचं ओझं तोंडात सांभाळत, म्हणाली:

"आई, रवकल ये."

पहिला र. खणखणीत, गोल, मी कुठल्याही स्टुडिओत इतका चांगला दिलेला नाही असा. आणि नेमका जिथे नको तिथे. ताईंनी 'लवकर' म्हणायला तोंड उघडलं तशी मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. येते, मी म्हटलं, रवकल येते. लिफ्टनं दरवाजा बंद होत आहे म्हटलं, मी खाली आले, दुचाक्यांपाशी पावलं भराभर पडायला लागली ती मी आवरली. कोपऱ्यावर शिंप्यानं मान न उचलताच हात वर केला होता. खिडकीच्या काचेत आभाळ होतं, कालच्यापेक्षा थोडं जास्तच. मी हात वर केला आणि हलवला, खांद्यापासून, दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघेपर्यंत.